हायड्रोजन सगळ्यांकडे, आम्लं मोजकीच

(पुण्यात विज्ञानशिक्षक आणि विज्ञानप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, साखरेच्या एका रेणूत हायड्रोजनचे २२ अणू असतात. साजूक तुपातल्या रेणूत ऐंशी-शंभर. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लात ४ आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये एकच. आता पाण्यात टाकल्यावर आम्ल कोण होतं? एकवाला सगळ्यात जोरात. चारवाला थोडंसं, तेही चारांपैकी एकाच हायड्रोजनच्या जिवावर. बावीसवाली साखर चहा गोड करून गप्प बसते आणि तुपाला तर पाण्यात उतरायचंच नसतं. म्हणजे हायड्रोजन किती आहेत यावरून काही ठरत नाही. मग कशावरून ठरतं, एवढाच आजचा विषय. जाहिरातीत 'सोप्या भाषेत' असंही छापलंय. ते मी छापलेलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण पुण्याच्या श्रोत्यांत शेवटपर्यंत बसणारे आणि शेवटची पीएमपी बस गाठणारे असे दोन पक्ष असतात, आणि दुसऱ्या पक्षावर अन्याय नको. आम्ल कोण, हे ठरवताना आपण सगळे हायड्रोजनकडे टक लावून बघतो. तो किती सैल बसलाय, किती लवकर सुटेल. मी म्हणतो, त्याच्याकडे कमी बघा. तो गेल्यावर मागे जे उरतं त्याच्याकडे बघा, आणि त्याला न्यायला दारात कोण उभं आहे ते बघा. ज्यांनी इथं जागा भाड्यानं घेतली असेल त्यांना हे लगेच कळेल. हायड्रोजन हा असा भाडेकरू आहे की जाताना आपली अनामत, म्हणजे एकुलता एक इलेक्ट्रॉन, मागेच ठेवून जातो. आपण चौकशी करतो ती भाडेकरूला जायची किती घाई आहे याची. चौकशी व्हायला हवी घरमालकाची: ती अनामत त्याला पचते का, की तो जिन्यापर्यंत धावत जाऊन भाडेकरूला परत बोलावतो? (हशा) घरमालक मंडळी हसलेली नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय.

थोडा इतिहास, कारण तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अठराव्या शतकातला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, त्याला वाटत होतं की आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो. त्याचं चुकत होतं, पण वेडेपणा नव्हता. गंधक जाळून धूर पाण्यात सोडा, आम्ल मिळतं. फॉस्फरस जाळा, तेच. अडचण एकाच आम्लाची होती, मिठापासून काढलेल्या म्युरिॲटिक आम्लाची, म्हणजे आपल्या हायड्रोक्लोरिकची. त्यात ऑक्सिजन काही सापडेना. तेव्हा तो आहेच, फक्त अजून काढता आलेला नाही, अशी समजूत घालून घेतली गेली. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीनं १८१० मध्ये हा प्रश्न निकालात काढला. त्यानं क्लोरीन वायूत पांढराशुभ्र तापलेला कोळसा ठेवला. वायूत ऑक्सिजन लपला असता तर तापलेल्या कोळशानं तो ओढून बाहेर काढला असता. काही निघालं नाही. क्लोरीन हे मूलद्रव्य ठरलं आणि त्या आम्लात हायड्रोजन आणि क्लोरीन एवढंच आहे हेही ठरलं. पुढे १८३८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिगनं मांडलं की धातूला ज्याची जागा घेता येते असा हायड्रोजन आम्लात असतो. सगळे हायड्रोजन सारखे नसतात हे त्यानं मान्य केलं. का नसतात, ते सांगितलं नाही.

मग आला स्वीडनचा अऱ्हेनियस. उप्साला विद्यापीठात १८८४ मध्ये त्यानं प्रबंध दिला. मीठ, आम्लं असे ज्यांच्या द्रावणातून वीज जाते ते पदार्थ पाण्यात विद्युतभारित तुकड्यांत, म्हणजे आयनांत, विभागलेले असतात, असा त्याचा रोख. परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. त्याच कामावर १९०३ मध्ये नोबेल मिळालं. समोर पीएचडीचे मार्गदर्शक बसले असतील तर त्यांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानावर घालू नये. आणि १९२३ मध्ये कोपनहेगनला ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजला लॉरी, या दोन रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली: आम्ल म्हणजे प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघालेला हायड्रोजन, देणारा आणि आम्लारी म्हणजे तो घेणारा. घेणारा नसेल तर देण्याला अर्थ नाही. इथं पाणी पहिल्यांदा प्रेक्षकांतून उठून रंगमंचावर आलं.

आता माझी तक्रार. ती जरा लांबेल.

दहावीला एक प्रयोग असतो. कोरड्या परीक्षानळीत १ ग्रॅम मीठ घ्या, त्यावर तीव्र गंधकाम्ल सोडा, निघणाऱ्या वायूत आधी कोरडा आणि मग ओला निळा लिटमस धरा. कोरडा निळाच राहतो, ओला लाल होतो. अख्ख्या रसायनशास्त्रात पाण्याची भूमिका इतक्या स्वस्तात दाखवणारा दुसरा प्रयोग नाही. आणि पुण्यात जुलैमध्ये हा प्रयोग केला की दोन्ही कागद लाल होतात! मग वर्गात काय होतं? 'यायला असं हवं होतं' म्हणून वहीत बरोबर उत्तर लिहून घेतलं जातं. निरीक्षण एक, नोंद दुसरी. मुलं त्यातून रसायनशास्त्र शिकत नाहीत, दुसरंच काहीतरी शिकतात.

प्रयोगाचा काहीही दोष नाही. 'कोरडा' हा कागद कोरडा नसतो, एवढंच. लिटमसचा कागद म्हणजे शेवटी कागद. पावसाळ्यात पापड सादळतो तसाच तोही सादळतो. उपाय सोपा आहे. कागदाच्या पट्ट्या आदल्या रात्री डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या काचेच्या भांड्यात, ठेवा. डेसिकेटर नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत तळाला निर्जल कॅल्शियम क्लोराइड, वर जाळी आणि जाळीवर पट्ट्या. मीठही तव्यावर कोरडं भाजून, बरणीतच थंड करा. परीक्षानळीला बूच, बुचातून वाहकनळी, आणि ती कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांनी भरलेल्या नळीतून न्या. आम्ल २ मिलिलिटर पुरतं, थेंबथेंब सोडायचं. १ ग्रॅम मिठातून जवळजवळ ४०० मिलिलिटर वायू निघू शकतो, वर्गाला पुष्कळ आहे. खिडकी उघडी हवी.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली, वायू लवकर यावा म्हणून नळी तापवतात. मग गंधकाम्लाचे बारीक तुषार वायूबरोबर उडतात आणि कोरडा कागदही लाल करतात. म्हणून नळीच्या तोंडाशी काचेच्या लोकरीचा बोळा घाला आणि तापवू नका. दुसरी, कॅल्शियम क्लोराइड संपलं म्हणून कोणीतरी कळीचा चुना भरतं. चुना पाणी शोषतो हे खरं, पण तो हायड्रोजन क्लोराइडही गिळतो. पलीकडून काहीच येत नाही, आणि मग कोरडा कागद निळा राहिला म्हणून सगळे खूश! (हशा) प्रयोग चुकीच्या कारणानं यशस्वी होणं हे अयशस्वी होण्याहून वाईट. म्हणून ओला कागद लाल झाल्याशिवाय कोरड्याच्या निळेपणावर विश्वास ठेवायचा नाही.

रसायनं नको असतील त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातली आवृत्ती आहे. लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा, दोन्ही कोरडी पूड. १.९२ ग्रॅम निर्जल लिंबूसत्वाला २.५२ ग्रॅम सोडा लागतो; घरच्या काट्यावर तीनास चार धरा. कोरड्या काचेच्या पेल्यात मिसळून ठेवा. काहीही होत नाही. चमचाभर पाणी घाला की फसफसून वर येतं आणि पेला हाताला गार लागतो. एवढ्याशा पुडीतून पाऊण लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून हे झाकणाच्या बाटलीत कधीही करायचं नाही. ॲसिडिटीवरच्या फसफसणाऱ्या पुड्यांत हेच दोघं शेजारी शेजारी शांत बसलेले असतात. पुडी फोडून पावसाळ्यात कपाटात ठेवा, पंधरा दिवसांनी तिच्यात दम राहत नाही. हवेतल्या पाण्यानंच काम सुरू केलेलं असतं.

म्हणजे बाटलीतला पदार्थ आम्ल नसतो, पाण्यात गेल्यावर होतो. असं का? पाणी नेमकं करतं काय? याचा जमाखर्च मांडता येतो, आणि मला तो मांडायला आवडतो. एक मोल हायड्रोजन क्लोराइड घ्या, म्हणजे ३६.५ ग्रॅम. हायड्रोजन आणि क्लोरीनमधला बंध तोडायला ४३१ किलोज्यूल. सुट्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन हिसकावायला १३१२. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिला की ३४९ परत मिळतात. उरलेला खर्च १३९४ किलोज्यूल. एवढा खर्च खोलीच्या तापमानाला कोणी भरत नाही. म्हणूनच कोरडा वायू हा सरळसाधा वायू असतो. त्यात आयन नसतात. आता पाणी आणा. उघडा प्रोटॉन म्हणजे नुसतं अणुकेंद्रक, अणूच्या मानानं लाखभर पटींनी बारीक. त्याला पाण्याचे रेणू असे घट्ट कवटाळतात की सुमारे १०९० किलोज्यूल बाहेर पडतात. क्लोराइडभोवती पाणी जमलं की आणखी सुमारे ३८०. जमा १४७०, खर्च १३९४, शिल्लक ७५च्या आसपास. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात विरघळताना प्रत्यक्षात मोजलेली उष्णता तेवढीच भरते. एक लिटर पाणी तेवढ्यात १८ अंशांनी तापेल. प्रोटॉनचा वाटा किती आणि क्लोराइडचा किती, ही वाटणी थोडी संकेतावर अवलंबून असते, हे भौतिकरसायनवाल्यांनी बोट वर करायच्या आत मीच सांगतो. बेरीज पक्की आहे.

टोल्युइन नावाच्या सेंद्रिय द्रवात हाच वायू विरघळवा. विरघळतो, पण टोल्युइनकडे प्रोटॉनला धरायला काही नाही. द्रावणातून वीज जात नाही, कोरडा लिटमस बदलत नाही. त्याच बाटलीत थोडं पाणी घालून हलवा. खाली बसलेल्या पाण्याच्या थरात सगळा आम्लपणा हजर. हा प्रयोग मात्र शाळेत नको, टोल्युइन पेट घेतं.

विजेचं निघालंच आहे तर दुसरी तक्रार. घाबरू नका, ही लहान आहे. दोन खिळे, सहा व्होल्टची बॅटरी आणि बल्ब असा तो प्रयोग. ग्लुकोज आणि अल्कोहोल यांत हायड्रोजन आहे पण बल्ब लागत नाही, आम्लात लागतो. उत्तम. पण व्हिनेगर घेतलं की बल्ब ढिम्म. मुलं लिहितात, 'व्हिनेगर आम्ल नाही.' चूक बल्बची आहे. ०.१ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.१ मोल, हायड्रोक्लोरिकमध्ये दोन ध्रुवांमधला रोध पंचवीस-तीस ओहमांच्या घरात येईल अशी मांडणी केली, तर ०.१ मोलरच्याच ॲसेटिक आम्लात तो दोन हजारांच्या घरात जातो. दोन-तीन मिलिॲम्पिअरवर टॉर्चचा बल्ब कसा लागेल? त्याऐवजी लाल एलईडी घ्या, तिच्याबरोबर ३३० ओहमचा रेझिस्टर एकसरीत जोडा, आणि दीड व्होल्टचे चार सेल. हायड्रोक्लोरिकमध्ये लख्ख, व्हिनेगरमध्ये मिणमिणती, साखरेच्या पाण्यात बंद. एकाच दिव्यावर तीव्र, सौम्य आणि नाहीच, असे तिन्ही दिसतात. द्रावणं ऊर्ध्वपातित पाण्यात करा. नळाच्या पाण्यातल्या क्षारांवरही एलईडी किंचित उजळते आणि साखर उगाच आम्लांच्या पंगतीत जाऊन बसते. म्हणून आधी नुसत्या पाण्यात तपासून घ्यायचं. खिळेही नकोत, लोखंड आम्लाशी स्वतःच भांडतं आणि पाणी हिरवट होतं. जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या वापरा. हायड्रोक्लोरिकमध्ये बटण दोन-चार सेकंदच दाबायचं, कारण एका कांडीवर क्लोरीन निघतो आणि वास येतो.

आम्लातून वीज इतकी छान का जाते, हेही सुंदर आहे. प्रोटॉन पोहत जात नाही. एका पाण्याच्या रेणूला चिकटलेला प्रोटॉन शेजाऱ्याकडे सरकतो, शेजाऱ्याचा त्याच्या शेजाऱ्याकडे. त्यामुळे त्याची आयनिक वाहकता ३५० भरते, सोडियमची ५०. सात पट.

'सौम्य' म्हणजे निरुपद्रवी, हाही एक गैरसमज. सौम्य म्हणजे शंभरातले थोडेच रेणू एका वेळी प्रोटॉन सोडून बसलेले असतात, इतकंच. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात शंभरातला जेमतेम सव्वा रेणू. पण कॅल्शियम कार्बोनेट समोर आलं की वापरलेल्या प्रोटॉनच्या जागी नवा सुटतो, आणि शेवटी लिटरमागे तितकेच मोल असलेलं, समान आकारमानाचं व्हिनेगर जवळजवळ हायड्रोक्लोरिकइतकाच दगड खातं. फक्त सावकाश. वाड्यांतली शहाबादी फरशी हा चुनखडक, ओट्यावरचा कडप्पाही चुनखडक. रात्रभर लिंबाची फोड पडून राहिली की सकाळी पांढरा डाग दिसतो, आणि तो पुसून जात नाही, कारण तिथला दगडच गेलेला असतो. आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट मात्र हलत नाही. बाथरूमसाठी बोहरी आळीतून आणलेलं ॲसिड शहाबादीवर ओतणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. आणि ते ब्लीचबरोबर कधीच मिसळू नका, क्लोरीन सुटतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल तर पुस्तकात सौम्य, ०.१ मोलरमध्ये शंभरात आठ रेणू फुटतात. पण ते काच खातं, आणि त्वचेतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं. त्याच्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावतात आणि रुग्णालय गाठतात. 'सौम्य आहे' म्हणून घरी थांबत नाहीत.

संयोजकांची चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटं.' खाली अधोरेखित केलंय. म्हणजे ज्या विषयाची जाहिरात केली तो आता सुरू करायला हवा. (हशा)

एक मोजपट्टी घ्या: पीकेए. आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र. एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट. आवर्तसारणीत एका ओळीत चला: मिथेन, अमोनिया, पाणी, हायड्रोजन फ्लोराइड. पीकेए अनुक्रमे ५०च्या आसपास, ३३ ते ३८, १५.७ आणि ३.२. पाण्यासाठी काही पुस्तकं १४ छापतात, त्यावर भांडायला वेळ नाही. म्हणजे आम्लपणा डावीकडून उजवीकडे प्रचंड वाढतो. आता हायड्रोजन किती सैल आहे ते बघा. पहिला बंध तोडायला लागणारी ऊर्जा ४३९, ४५०, ४९७, ५७० किलोज्यूल. बंध घट्ट होत चाललाय आणि आम्ल मात्र तीव्र! सैलपणाची कल्पना इथं सपशेल आपटते. मग मागे उरणाऱ्याला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर किती ऊर्जा सुटते ते बघा: मिथेनच्या उरलेल्या भागाला ८, अमोनियाच्या ७४, पाण्याच्या १७६, फ्लोरीनला ३२८. अनामत पचवायची ताकद ८ वरून ३२८ वर गेली. मिथेनमध्ये घरमालकाला तो इलेक्ट्रॉन नकोच असतो. साखरेतले आणि तुपातले कार्बनला चिकटलेले हायड्रोजन म्हणूनच पाण्यात टाकूनही जागचे हलत नाहीत.

आता वरून खाली चला, फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड. इथं मात्र माझी लाडकी कल्पना जरा लंगडते, ते कबूल करायला हवं. ३२८, ३४९, ३२५, २९५. इलेक्ट्रॉन पचवायच्या ताकदीत मोठा फरक नाही. बंध मात्र ५७०, ४३१, ३६६, २९८ असा ढिला होत जातो, आणि आम्ल तीव्र होत जातं. फ्लोराइडची कोंडी घट्ट बंधानं होते. शिवाय पाण्यात जे आयन सुटतात त्यांतले पुष्कळ हायड्रोनियमला, म्हणजे प्रोटॉन घेतलेल्या पाण्याच्या रेणूला, चिकटून जोडीनंच राहतात. म्हणजे ओळीत जाताना उरलेला भाग बघायचा, खाली जाताना बंधही बघायचा. खालची तिन्ही पाण्यात सारखीच तीव्र दिसतात, कारण पाणी तिघांचाही जवळजवळ प्रत्येक प्रोटॉन ओढून घेतं. फरक बघायचा तर ॲसेटिक आम्लासारखा कंजूष द्रावक घ्यावा लागतो.

मग एकच बंध ठेवा, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा, आणि बाकीचा रेणू बदला. इथानॉल १५.९, फिनॉल १०, ॲसेटिक आम्ल ४.७६. इथानॉल आणि ॲसेटिक आम्लात अकरा अंकांचा फरक, म्हणजे दहा हजार कोटी पट. असले आकडे आपण एरवी फक्त मेट्रोच्या अंदाजपत्रकात वाचतो. कारण? इथानॉलमध्ये ऋणभार एकट्या ऑक्सिजनवर येऊन पडतो. ॲसेटेटमध्ये, म्हणजे ॲसेटिक आम्लाचा प्रोटॉन गेल्यावर जे उरतं त्यात, तो दोन ऑक्सिजनांत निम्मा-निम्मा वाटला जातो, फिनॉलमध्ये कार्बन अणूंच्या कड्यावर थोडा पसरतो. ॲसेटिक आम्लाचे कार्बनवरचे तीन हायड्रोजन तसेच राहतात. ६ ग्रॅम आम्लाला ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो, बारा घातला तरी जास्तीचा वापरला जात नाही. त्या तिघांच्या जागी एकेक क्लोरीन बसवा: ४.७६ वरून २.८६, मग १.३, मग ०.७. क्लोरीन बसतो कार्बनवर, आणि सुटायला सोपा होतो दूरचा ऑक्सिजनवरचा हायड्रोजन. क्लोरीनच्याच आम्लांत ऑक्सिजन वाढवत गेलात तरी तेच: हायपोक्लोरसचा ७.५, क्लोरसचा २, पुढच्या क्लोरिक आणि पर्क्लोरिकचे आकडे शून्याखाली. लाव्हाझिएला ऑक्सिजनचा वास बरोबर आला होता, काम चुकीचं दिलं.

कॉलेजची मुलं समोर आहेत, त्यांच्यासाठी परीक्षेतला सापळा. फॉस्फरसची तीन आम्लं, तिन्हींत तीन-तीन हायड्रोजन. फॉस्फोरिक तीन प्रोटॉन देतं, फॉस्फरस आम्ल दोनच, हायपोफॉस्फरस एकच. जे हायड्रोजन थेट फॉस्फरसला चिकटलेत ते पाण्यात जात नाहीत. सूत्रातले हायड्रोजन मोजून उत्तर लिहिलं तर गेलात. रचना काढा, ऑक्सिजनवरचे मोजा. आणि कॅरमची पावडर, म्हणजे बोरिक आम्ल: ऑक्सिजनवर तीन हायड्रोजन, तरी आपला एकही देत नाही. बोरॉनला इलेक्ट्रॉनची एक जोडी कमी असते, म्हणून ते पाण्यातला हायड्रॉक्साइड ओढून घेतं आणि पाण्याचा प्रोटॉन मोकळा होतो. पीकेए ९.२, फार सौम्य.

चिठ्ठी दुसऱ्यांदा आली. शेवटचं सांगतो. तुरटीच्या सूत्रात आम्ल म्हणावा असा एकही हायड्रोजन नाही, आहे ते स्फटिकातलं पाणी. तरी तिचं पाणी लिटमस लाल करतं. ॲल्युमिनियमचा त्रिभारित आयन सहा पाण्याचे रेणू स्वतःभोवती धरतो आणि त्यांच्या ऑक्सिजनवरचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. अशा पाण्याचा पीकेए ५च्या जवळ येतो, म्हणजे व्हिनेगरच्या शेजारी. घरी करून बघा: पाव पेला कोमट पाण्यात चमचाभर तुरटीची पूड पूर्ण विरघळवा, मग चिमूटभर खाण्याचा सोडा. कार्बन डायऑक्साइडचा फेस येईल आणि फेस बसल्यावर पांढरा चिकट गाळ दिसेल, तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा. जुन्या फोमच्या अग्निशामकांत ॲल्युमिनियम सल्फेट आणि खाण्याचा सोडा हीच जोडी दोन वेगळ्या भांड्यांत भरलेली असायची आणि नळकांडं उलटं केलं की एकत्र यायची. प्रश्न असतील तर खाली चहाच्या टेबलाशी विचारा, सभागृह आठला रिकामं करायचंय.